मीटर मधोमध, तरी रोल बिघडतो: फिल्म कॅमेऱ्याचं मीटर कसं तपासायचं

तक्रार बहुधा एकाच साच्याची असते. रोल धुऊन आला, निम्म्या फ्रेम ठीक, काही पार फिक्या, काही ठार काळ्या. फोटो घेताना कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई दर वेळी मधोमध होती, नाहीतर हिरवा दिवा लागला होता. मग सगळा दोष मीटरवर जातो आणि कॅमेरा कपाटात तरी जातो, नाहीतर विकायला तरी निघतो.

मीटर बिघडतं, हे खरंच आहे. पण त्याआधी बघायच्या जागा बऱ्याच आहेत. त्या क्रमाने बघितल्या तर नवा रोल न जाळता उत्तर मिळतं, आणि फिल्मच्या आजच्या किमतीत ही लहान गोष्ट नाही. खान्देशात तर कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या गोष्टीच टोकाच्या असतात: काळी जमीन, पांढरा कापूस, वर भगभगतं ऊन. इथं शाबूत मीटरही चुकीचा आकडा देतं, आणि तेव्हा दुरुस्ती कॅमेऱ्याची करून काही उपयोग नसतो.

सुरुवात निगेटिव्हपासून

प्रिंट किंवा स्कॅन बघून काहीही ठरवू नका. लॅबचा स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपोआप उजळ-गडद करून देतो. एका स्टॉपची चूक (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) त्यात लपते आणि दोन-अडीच स्टॉपची चूक 'दाणे फार आलेत' अशा तक्रारीत निघते. लॅबकडून निगेटिव्हच्या पट्ट्या परत मागवाच. मोबाइलवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि पट्टी स्क्रीनपासून तीन-चार बोटं वर धरून बघा. स्क्रीनला टेकवली तर पिक्सेलच दिसत राहतात.

आधी फ्रेमकडे बघू नका, पट्टीची कड बघा. तिथं फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. ते दिसतात कसे हे फक्त डेव्हलपिंगवर ठरतं. कडेची अक्षरं ठळक आहेत पण फ्रेम पातळ आहे, सावलीच्या जागी फिल्म अगदी कोरी आहे, तर एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडलेला उजेड, कमी पडलं. अक्षरंसुद्धा फिकी आहेत, तर डेव्हलपिंग कमी झालं. अक्षरं फुगलेली, पसरलेली आणि सगळ्याच फ्रेम दाट, तर डेव्हलपिंग जास्त झालं.

हा शेवटचा प्रकार आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास होतो. घरी ब्लॅक अँड व्हाइट धुणारे तक्त्यावरची वेळ वापरतात, पण ती वेळ २० अंशांसाठी दिलेली असते आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. डी-७६ सारखा डेव्हलपर २४ अंशांवर वापरला तर वेळ साधारण तीन दशांशाने कमी करावी लागते. त्याहून गरम असेल तर वेळेचं गणित करत बसू नका. घमेल्यात पाणी आणि बर्फ घ्या, डेव्हलपरची बाटली त्यात उभी ठेवा, थर्मामीटरने २० वर आणा आणि मगच फिल्म धुवायच्या डब्यात ओता.

दोन फ्रेममधली जागा कोरी असायला हवी. ती धुरकट असेल तर रोल जुना आहे किंवा गाडीच्या डिकीत तापला आहे. रोल फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरायच्या आधी तास-दीड तास डबीसकट बाहेर काढून ठेवा, म्हणजे फिल्मवर दव धरणार नाही.

निगेटिव्हवरून चूक एक्सपोजरची आहे असं ठरलं, तर पुढचा प्रश्न: सगळ्या फ्रेम सारख्याच चुकल्यात की निवडक? सगळ्या सारख्या असतील तर डायल, सेल किंवा मीटर. फक्त वेगवान शटरच्या फ्रेम चुकल्या असतील तर शटर. विषय बदलला की चूक बदलते असं दिसलं तर मीटर शाबूत आहे. त्याला काय दाखवलं, ते तपासायचं.

डायल आणि सेल

एएसए डायल, म्हणजे फिल्मचा वेग लावायची चकती, बघा. ४०० ची फिल्म आणि डायल १०० वर राहिला, तर सगळा रोल दोन स्टॉप जास्त उजेड खातो. डबीवरचा डीएक्स कोड वाचून एएसए आपोआप लावणाऱ्या कॅमेऱ्यात मोठ्या रीळमधून भरलेली, कोड नसलेली डबी टाकली तर बरेच कॅमेरे तिला १०० समजतात. सिनेमाची २५०डी किंवा ५००टी कापून भरलेली असेल तर हा घोळ सर्रास होतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचा डायल असेल तर तो शून्यावर आहे का, तेही बघा. बॅगेत घासून तो आपोआप फिरतो.

मीटर चालू होतच नाही असं वाटलं तर आधी त्या मॉडेलची रीत माहीत करून घ्या. निकॉन एफएम२ चा फिल्म ओढायचा लिव्हर आत दाबलेला असेल तर शटरचं बटण अडतं. लिव्हर थोडा बाहेर ओढून बटण अर्धं दाबावं लागतं. पेंटॅक्स के१००० ला मीटरचा स्विचच नाही. लेन्सला झाकण लावणं हाच त्याचा स्विच. झाकण न लावता कॅमेरा टेबलावर पडून राहिला की सेल उतरतो. कॅनन एई-१ मध्ये लेन्सची रिंग 'ए' (आपोआप) वरून काढून हाताने ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, लावलं, तर सुई फक्त कोणतं ॲपर्चर हवं ते सांगते. लेन्सची रिंग फिरवून ती हलणार नाही. तो आकडा वाचायचा आणि रिंग त्यावर आपण आणायची. नवे लोक इथं 'सुई अडकली' म्हणून कॅमेरा उघडायला नेतात.

सेलच्या बाबतीत एलआर४४ आणि एसआर४४ मापाने सारखे, स्वभावाने वेगळे. एलआर४४ अल्कलाइन आहे, १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो. एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टवर जवळपास शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम संपतो. मीटरसाठी एसआर४४च घ्या. घड्याळाच्या दुकानात मागताना नाव नीट सांगा, नाहीतर पत्त्यावरचा स्वस्त अल्कलाइन हातात पडतो. कॅमेरा महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळतात.

गळलेल्या सेलचा पांढरा-हिरवा थर संपर्काच्या पत्रीवर बसतो. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून तो उतरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शेवटी पेन्सिलच्या खोडरबराने पत्री चमकवा. झाकणाचे आटेही पुसायचे. बऱ्याच कॅमेऱ्यांत वीज झाकणातूनच जाते, आणि लोक नेमके आटे विसरतात. सुई उड्या मारत असेल तर एएसए आणि शटरचे डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीसदा फिरवा. आतल्या रेझिस्टरच्या पट्टीवरचा गंज बहुतेक वेळा तेवढ्याने साफ होतो.

मर्क्युरी सेलचे कॅमेरे

यशिका मॅट १२४जी, ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एसआरटी १०१, कॅनोनेट क्यूएल१७ हे कॅमेरे पीएक्स६२५ या १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलवर बेतलेले आहेत. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. आज त्याच मापाचा अल्कलाइन सेल मिळतो, बसतो, सुईही हलते, आणि म्हणूनच घात होतो. व्होल्टेज जास्त असल्याने सुई जास्त वर चढते, मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, आणि फ्रेम कमी एक्सपोज होते. शिवाय ही चूक सगळ्या उजेडात सारखी नसते आणि सेल उतरेल तशी बदलते. त्यामुळे 'एएसए निम्मा ठेवा' हा उपाय इथं धड लागू पडत नाही.

दोन उपाय खात्रीचे आहेत. पहिला, कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, निळ्या स्टिकरचा. व्होल्टेज साधारण १.४, म्हणजे मूळच्या अगदी जवळ. तो पीएक्स६२५ पेक्षा अरुंद असतो, म्हणून भोवती रबरी रिंग घालून मधोमध बसवायचा. सेलची बारीक भोकं रिंगने झाकू नका. स्टिकर काढल्यावर चार-पाच मिनिटं हवा खाऊ द्या, मग बसवा. एकदा स्टिकर निघालं की तो वापरा न वापरा, संपत जातो. कोरड्या हवेत आतला ओलावा उडून तो आणखी लवकर जातो, त्यामुळे खान्देशच्या उन्हाळ्यात पाकिटावरच्या मुदतीच्या भरवशावर राहू नका. रोल घालण्याआधी तपासा. दुसरा उपाय, आत डायोड बसवलेला ॲडॉप्टर आणि त्यात एसआर सेल. महाग पडतो, पण वर्षभर बघावं लागत नाही.

पेंटॅक्स स्पॉटमॅटिक याला अपवाद. त्याच्या मीटरचं सर्किट ब्रिज पद्धतीचं आहे, व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी आकडा बदलत नाही.

झेनिट-ई सारख्या कॅमेऱ्यात सेल नसतोच, पुढं सेलेनियमची जाळी असते. ती जुनी होते तशी उजेड कमी दाखवते, म्हणजे फ्रेम जास्त एक्सपोज होतात. ती दुरुस्त होत नाही. चूक ठरावीक असेल तर एएसए वाढवून काम भागवा, नाहीतर मीटर विसरून जा.

मीटर सरळ मोजतं का

पहिली चाचणी घरातच होते. एकसारखा उजेड असलेल्या भिंतीसमोर, सावलीत उभे राहा, फ्रेममध्ये फक्त भिंत घ्या. एफ/८ वर सुई मधोमध येईल असा शटर लावा. आता ॲपर्चर एक स्टॉप बंद करा आणि शटर एक स्टॉप हळू करा: एफ/११ आणि निम्मा वेग. सुई जागेवरच राहायला हवी. असंच चार-पाच पायऱ्या पुढं जा. मध्येच सुई पळाली तर ॲपर्चरची जोडणी किंवा डायलची पट्टी खराब आहे. मग शटर-ॲपर्चर तसंच ठेवून एएसए दुप्पट करा. मीटरने बरोबर एक स्टॉप जास्त दाखवायला हवा.

दुसरी चाचणी उन्हात. स्वच्छ उन्हात एफ/१६ ला शटरचा वेग फिल्मच्या एएसए इतका असतो: १०० ला १/१२५, ४०० ला १/५००. ग्रे कार्ड (मध्यम करड्या रंगाचं चाचणीचं कार्ड) उन्हात धरा, फ्रेम कार्डाने भरा, स्वतःची सावली पडू देऊ नका. फोकस करायची गरज नाही, लेन्स अनंतावरच ठेवा. अर्ध्या स्टॉपच्या आत उत्तर आलं तर मीटर चांगलं आहे.

या चाचणीत एक फसगत आहे, आणि ती आपल्या अक्षांशाची आहे. जळगाव साधारण २१ अंश उत्तरेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. अशा वेळी उभ्या भिंतीला ऊन नुसतं घासून जातं, आणि 'भिंतीवर ऊन आहे, तरी मीटर एवढं कमी का दाखवतं' असा प्रश्न पडतो. उन्हाळ्यात ही चाचणी सकाळी नऊच्या सुमारास किंवा दुपारी चारनंतर करा, सूर्य पाठीशी ठेवून, कार्ड सूर्य आणि कॅमेरा यांच्या मधल्या दिशेला कलतं धरून. पश्चिमेकडून धूळ उठलेली असेल त्या दिवशी करूच नका.

ग्रे कार्ड नसेल तर तळहात. तळहात मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून त्यावर आलेला आकडा एक स्टॉप उघडून, म्हणजे दुप्पट उजेड देऊन, वापरायचा. उन्हात ४०० च्या फिल्मला तळहातावर एफ/२२, १/५०० दिसलं, तर मीटर जागेवर आहे.

मोबाइलवरच्या लाइट मीटर ॲपशी तुलना करायची असेल तर तीन उजेडांत करा: अंगणातलं ऊन, ओट्यावरची सावली, खोलीच्या आत. तिन्हीकडे सारखाच एका स्टॉपचा फरक असेल तर एएसए डायलवर भरून काढा. मीटर एक स्टॉप कमी एक्सपोजर सांगत असेल तर ४०० ची फिल्म २०० वर ठेवा. तिन्हीकडे फरक वेगळा असेल तर सेलचं व्होल्टेज किंवा मीटरचा डोळा. कॅडमियम सल्फाइडचे जुने डोळे भर उन्हातून आत आल्यावर लगेच स्थिरावत नाहीत. मिनिटभर थांबून मगच वाचा.

मीटर या सगळ्यांत पास झालं आणि तरी उन्हातल्या फ्रेम दाट येत असतील तर लेन्सची पाती बघा. एफ/१६ वर ठेवून, मागचं झाकण उघडून (रोल नसताना), शटर 'बी' वर (बटण दाबून ठेवेपर्यंत उघडा राहतो) दाबा. पाती झटकन मिटायला हवीत. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटरसायकलच्या डिकीत तापलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि ती आळसटल्यागत मिटतात. तेवढ्यात शटर उघडून बंद झालेला असतो.

आता विषय: काळी जमीन आणि कापूस

मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतं आणि वस्तू मध्यम करडी आहे असं धरून आकडा देतं. वस्तू काळी आहे की पांढरी, हे कळायला त्याला मार्ग नाही.

डिसेंबरातल्या स्वच्छ दिवशी जिनिंगच्या आवारात ४०० ची फिल्म घालून उभे राहा. सूर्य पाठीशी घेऊन कापसाच्या गंजीने फ्रेम भरली तर मीटर एफ/२२, १/१००० च्या आसपास मागेल. तिथंच शेजारच्या शेतात, नुकतं पाणी दिलेल्या काळ्या जमिनीवर कॅमेरा वळवा: एफ/११, १/२५०. चार स्टॉपचा फरक. पण ऊन तर दोन्हीकडे तेच पडतंय! योग्य एक्सपोजर दोन्हीला एफ/१६, १/५०० च्या जवळच आहे. मीटरचं ऐकलं तर कापूस मळकट येतो आणि जमीन राख सांडल्यासारखी. म्हणून कापूस फ्रेम भरून असेल तर दीड ते दोन स्टॉप उघडा. ओल्या काळ्या जमिनीला तितकेच बंद करा, कोरड्या वखरलेल्या जमिनीला एक पुरे. पाटणादेवीजवळच्या जुन्या देवळांचा काळा दगड, पाण्यातून निघालेली म्हैस: एक स्टॉप बंद. सारंगखेड्याच्या यात्रेत पांढरा घोडा जवळून घेताना एक ते सव्वा उघडा. धोतर-टोपीतली माणसं फ्रेमभर बसलेली असतील तेव्हाही तेवढंच.

कोणता आकडा वाढवायचा हे आठवत बसण्यापेक्षा चांगली सवय अशी की त्याच उन्हात मध्यम काहीतरी शोधायचं, त्यावर मीटर लावायचं, आकडा कायम करायचा आणि मग सुई काय म्हणते तिकडे लक्षच द्यायचं नाही. ऊन बदलेपर्यंत एकच एक्सपोजर. उन्हातला तळहात सगळीकडे सोबत असतोच.

केळीच्या बागेत उलटी अडचण. पानांच्या सावलीत माणूस उभा, मागं दोन ओळींच्या फटीतून उघडं आकाश. मीटर आकाशाला भुलतं आणि चेहरा काळा येतो. कॅमेरा खाली झुकवून, आकाश फ्रेमबाहेर घालवून, चेहऱ्याजवळ जाऊन मोजा, मग मागं येऊन फ्रेम बांधा. ४०० च्या फिल्मला भरल्या बागेत साधारण एफ/४, १/२५० येतं. तुमचं मीटर एफ/११ मागत असेल तर त्याने आकाश पकडलंय हे समजा. वरच्या पानाची तुकतुकीही फसवते. पान चमकत असेल त्या कोनातून मोजू नका, दोन पावलं बाजूला सरका. एई-१ ला उजेड मागून असेल तेव्हा दाबायचं बटण आहे, ते दीड स्टॉप उघडतं. चेहरा सावलीत असेल तर कधीकधी तेही कमी पडतं.

बारागाड्या ओढताना उठलेली धूळ, मागं मावळता सूर्य: तीच गोष्ट, फक्त जास्त जोरात. धूळ स्वतःच उजळते आणि मीटर आणखी बंद करायला सांगतं. माणसांच्या सावलीतल्या बाजूवर मोजा, नाहीतर दीड स्टॉप उघडा. निगेटिव्ह फिल्म जास्तीचे दोन स्टॉप सहज सोसते, कमीचा एकही मुश्किलीने. शंका आली तर उघडा. स्लाइड फिल्म घातली असेल तर मात्र हा सल्ला उलटा: तिथं पांढरं जपायचं.

आणखी एक गळती फार कमी लोक बघतात. बऱ्याच एसएलआरमध्ये (आरशातून, लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यांत) मीटरचे डोळे व्ह्यूफाइंडरच्या आयपीसजवळ असतात. सूर्य पाठीशी असेल आणि डोळा आयपीसला नीट टेकलेला नसेल, तर मागून उजेड शिरतो आणि फ्रेम कमी एक्सपोज होते. चष्मा लावणाऱ्यांना आणि ट्रायपॉड वापरणाऱ्यांना हे नेहमी होतं. आयपीसवर हाताचा आडोसा धरा. सुई हलली तर कारण सापडलं. साधा रबरी आयकप लावला की हा त्रास संपतो.

पिवळा-लाल फिल्टर लावला तर लेन्समधून मोजणारं मीटर तो बऱ्यापैकी धरूनच आकडा देतं. यशिका मॅट किंवा झेनिट-ई सारख्या बाहेरून मोजणाऱ्या मीटरला तो दिसत नाही. पिवळ्याला एक आणि गडद लालला तीन स्टॉप हाताने उघडावे लागतात.

लेणी आणि गाभारा

के१००० चं मीटर १०० एएसएला ईव्ही ३ पर्यंतच मोजतं (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा लहान तितका उजेड कमी). अंधाऱ्या गाभाऱ्यात सुई तळाशी पडून राहते. त्याखाली उजेड मोजायचा असेल तर विषयाच्या जागी कोरा पांढरा कागद धरा, फ्रेम त्याने भरा, जो आकडा येईल तो अडीच स्टॉप उघडून घ्या. मीटरची पोहोच तेवढीच वाढते.

इतका वेळ शटर उघडा ठेवायचा तर फिल्मची आळशी बाजू समोर येते: एक सेकंदाच्या पुढं तिला हिशोबापेक्षा जास्त वेळ लागतो. एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला मीटरने ४ सेकंद सांगितले तर ६ द्या, १० सांगितले तर २०. ट्रायपॉड, केबल रिलीज, आणि आयपीसवर तो हाताचा आडोसा मीटर वाचतानाच धरायचा, कारण शटर उघडल्यावर आरसा वर गेलेला असतो.